थट्टेची पावती मागाहून फाडता येत नाही

जाहीर सभेत, पत्रकार परिषदेत नाहीतर समाजमाध्यमावर कुणीतरी काहीतरी बोलून जातं. संध्याकाळपर्यंत गदारोळ उठतो. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत चार ओळींचा खुलासा येतो आणि त्यात हमखास एक शब्दप्रयोग असतो: 'इन जेस्ट'. मराठी बातमीत त्याचं 'विनोदाने केलेले विधान' होतं आणि ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लोकांची विनोदबुद्धीच आटली आहे, कशानंही दुखावतात. दुसरी म्हणते, असल्या विषयावर विनोद होऊच शकत नाही. पहिली बाजू बोलणाऱ्याच्या मनात काय होतं याच्या साक्षी काढत बसते, दुसरी वर्ज्य विषयांची यादी वाढवत नेते. ज्या शब्दाच्या आडोशाला खुलासा उभा आहे त्याचा अर्थ काय आणि तो वापरायची अट काय, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. त्यामुळे वाद दर वेळी नव्यानं पेटतो आणि दर वेळी आधी होता तिथेच विझतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'इन जेस्ट' हा हेतूचा दाखला नाही आणि विषयाचा परवानाही नाही. बोलणं झालं त्या वेळी, त्या जागी, ऐकणाऱ्याला ते थट्टेचं आहे हे कळण्याची सोय होती, एवढाच त्या शब्दांचा दावा असतो. ती सोय असेल तर विषय कितीही नाजूक असो, ते बोलणं खऱ्याच्या मापानं मोजणं हा अन्याय आहे. ती नसेल तर खुलासा कितीही सभ्य असो, बोललेलं थट्टेत जमा होत नाही.

आजच्या इंग्रजीत 'जेस्ट' रोजच्या बोलण्यातून जवळपास गेला आहे. कुणी 'आय जेस्ट' म्हणालं तर तो मुद्दाम आणलेला जुना, नाटकी ढंग वाटतो. 'जोकिंग' आणि 'किडिंग' यांनी त्याची जागा घेतली आहे. काही ठिकाणी मात्र तो घट्ट रुतून बसला आहे. 'इन जेस्ट', 'हाफ इन जेस्ट', थट्टेत बोललेलं पुष्कळदा खरं निघतं अशा अर्थाची 'मेनी अ ट्रू वर्ड इज स्पोकन इन जेस्ट' ही म्हण, दरबारी विदूषकासाठी 'जेस्टर', आणि न्यायालयांची निकालपत्रं. यातला 'इन' महत्त्वाचा आहे. 'जोक' ही वस्तू आहे: तो सांगता येतो, लक्षात ठेवता येतो, चोरता येतो, पुढे पाठवता येतो. 'इन जेस्ट' ही बोलण्याची अवस्था आहे, आणि तिची जोडी 'इन अर्नेस्ट'शी, म्हणजे मनापासून, खऱ्यानं बोलण्याशी आहे. म्हणून थट्टेत बोललेल्या वाक्यात हसण्याजोगं काही असेलच असं नाही. 'थांब, आता तुला मामाकडेच ठेवून येते,' असं आई मुलाला म्हणते तेव्हा त्या वाक्यात विनोद कुठे असतो? तिच्या सुरात, डोळ्यांत आणि मुलाला ठाऊक असलेल्या तिच्या स्वभावात थट्टा असते.

'विनोदाने' हे भाषांतर म्हणूनच वाचकाला चुकीच्या वाटेनं नेतं. वाचक त्या विधानात विनोद शोधतो, तो सापडत नाही, आणि 'हा काय विनोद झाला?' असा वेगळाच वाद सुरू होतो. मराठीत याला नेमके शब्द आहेत: 'थट्टेनं', 'थट्टेत', आणि त्याहून नेमका 'थट्टेवारी'. एखादी गोष्ट थट्टेवारी नेणारा कोण असतो? ऐकणारा. बोलणाऱ्यानं टाकलेली गोष्ट ऐकणाऱ्यानं झेलली तरच ती थट्टेवारी जाते, हे आपल्या वाक्प्रचारात आधीच धरलेलं आहे. इंग्रजीतही 'जेस्ट विथ' आणि 'जेस्ट ॲट' यांत असाच फरक आहे. मराठीत तो 'कुणाशी' आणि 'कुणाची' यांत पडतो. आजी नातवाशी थट्टा करते. वर्ग एखाद्या तोतऱ्या मुलाची थट्टा करतो. पहिल्या वाक्यात दोघं खेळात आहेत, दुसऱ्यात एक जण खेळणं झाला आहे. 'ज्याला कधी घाव लागला नाही तो व्रणांची थट्टा करतो,' असं शेक्सपिअरचा रोमिओ म्हणतो तिथे क्रियापद 'जेस्ट'च आहे आणि अव्यय 'ॲट'. अशा ठिकाणी मराठीत 'हिणवणं' म्हणावं. शिवाय देवनागरीत लिहिताना 'जेस्ट' म्हणजे थट्टा, 'जिस्ट' म्हणजे सारांश आणि 'झेस्ट' म्हणजे हुरूप किंवा लिंबाची किसलेली साल, हे तीन वेगळे शब्द आहेत. घाईत एकाची मात्रा दुसऱ्यावर पडते.

शब्दाचा उगम पाहिला की गोष्ट आणखी उघडते. लॅटिनमध्ये 'गेस्ता' म्हणजे केलेली कृत्यं, पराक्रम. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'जेस्त' झालं: पराक्रमाची गाथा, रोलाँसारख्या वीराचा पोवाडाच म्हणा. तिथून तो इंग्रजीत आला तेव्हा थट्टेशी त्याचा काही संबंध नव्हता. 14व्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काळी 'जेस्टर'चा पूर्वज हा गाथा सांगणारा होता, आपल्याकडच्या शाहिरासारखा. मग गाथेवरून मनोरंजनाची गोष्ट, मनोरंजनावरून पोकळ गोष्ट, आणि 16व्या शतकात थट्टा अशी घसरण झाली. 'जोक' हा शब्द त्यानंतरचा, 17व्या शतकाच्या उत्तरार्धातला. मराठीत याचा जुळा भाऊ आहे आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: 'चेष्टा'. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. मराठीत 'माझी चेष्टा करू नकोस' म्हणताना ती मूळ कृती पार विसरली गेली आहे. दोन वेगळ्या भाषांमध्ये 'कृती' दाखवणारा शब्द थट्टेकडे वळला. थट्टा ही दोघांच्या मध्ये घडणारी गोष्ट आहे. केवळ मनात ती होत नाही, जशी मिठी केवळ मनात होत नाही.

त्याच 'गेस्ता'चं दुसरं अपत्य कायद्यात आहे: 'रेस गेस्ती', म्हणजे घडलेल्या गोष्टी. 1872च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 6 या तत्त्वावर उभं होतं. आज ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 4 मध्ये आहे. कायद्यातलंच उदाहरण मारहाणीचं आहे. मारहाण चालू असताना, किंवा त्याच घटनेचा भाग ठरेल इतकं लगेच आधी वा नंतर, मारणारा, मार खाणारा किंवा बघे जे बोलले ते त्या घटनेचा भाग म्हणून ग्राह्य. चार दिवस विचार करून बोललेलं मात्र या दारानं आत येत नाही, कारण तेवढ्या वेळात माणूस गोष्ट रचू शकतो. थट्टेच्या खुलाशांना हे कलम लागू होतं असं मी म्हणत नाही. त्यातला विचार मात्र जसाच्या तसा लागू पडतो. थट्टेची खूण त्या बोलण्याच्या पोटातच असावी लागते.

करारांच्या कायद्यानं हा प्रश्न फार बारकाईनं सोडवला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 20 डिसेंबर 1952च्या रात्री एका रेस्टॉरंटमध्ये ल्युसी आणि झेमर हे ओळखीचे दोघं दारू पीत बसले होते. झेमरच्या मालकीचं फर्ग्युसन फार्म नावाचं 471.6 एकरांचं शेत होतं. ते 50,000 डॉलरना विकशील का, यावर बोलणं चाललं. झेमरनं रेस्टॉरंटच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर विक्रीचा मजकूर लिहिला. पहिल्यांदा 'मी' लिहिलं होतं. जमिनीत बायकोचाही हक्क, म्हणून तो कागद टाकून 'आम्ही' असा नवा लिहिला आणि बायकोची सही घेतली. ही थट्टा आहे असं त्यानं तिला हळूच सांगितलं होतं, ल्युसीला ऐकू जाणार नाही असं. पुढे ल्युसीनं पैसे द्यायची तयारी कळवली तेव्हा झेमरचं म्हणणं: आम्ही दोघं प्यायलेले, नुसत्या बाता मारत होतो. 1954 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं शेत ल्युसीला द्यायला लावलं. मनातल्या मनात काय होतं ते कायदा पाहत नाही. शब्द, वागणं आणि कागद यांवरून समोरच्या शहाण्या माणसाला काय वाटेल ते पाहतो. चाळीसेक मिनिटं अटींची चर्चा, मजकुराची दुरुस्ती, दोन सह्या. यात थट्टेची खूण कुठे होती? ती फक्त बायकोच्या कानात होती.

आता उलट बाजू. 1863च्या मिशिगनमधल्या एका खटल्यात 15 डॉलरच्या जुन्या चांदीच्या घड्याळासाठी एकानं 300 डॉलरचा चेक लिहून दिला होता. सारा प्रकार गमतीचा आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, म्हणून करार झालाच नाही असं न्यायालयानं ठरवलं. 1990च्या दशकात पेप्सीची जाहिरात आली: पॉइंट जमवा, वस्तू मिळवा. शेवटी एक शाळकरी मुलगा हॅरियर लढाऊ विमानातून शाळेत उतरतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, 70 लाख पॉइंट. एका तरुणानं नियम वाचले. एक पॉइंट 10 सेंटला विकत मिळत होता. त्यानं 15 पॉइंट आणि 7,00,008 डॉलर 50 सेंटचा चेक पाठवून विमान मागितलं. विमानाची किंमत सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर. 1999च्या निकालात न्यायमूर्ती किंबा वुड यांनी ती जाहिरात थट्टेत होती हे ठरवताना 'जेस्ट' हाच शब्द वापरला आणि थट्टेच्या खुणा एकेक करून दाखवल्या: लढाऊ विमान शाळेच्या आवारात उतरवणं, ते चालवायला शाळकरी पोर, आणि किमतीतली अचाट तफावत. दावा फेटाळला गेला. तरी निकालाच्या आधीच कंपनीनं जाहिरात बदलून आकडा 70 कोटी केला होता आणि 'जस्ट किडिंग' ही अक्षरं टाकली होती. शेताचा कागद, घड्याळ आणि विमान या तिन्हींना कसोटी एकच लागली.

यावर सगळ्यांत सबळ आक्षेप लेखकांकडून येतो आणि तो मला मान्यच आहे: खूण केली की थट्टा मरते. गंभीर चेहरा ठेवून केलेल्या उपहासाचा प्राण समोरचा क्षणभर फसण्यातच असतो. 'ही थट्टा आहे' असा फलक लावून कुणी लिहिलं आहे का? डॅनिअल डिफोचं उदाहरण या आक्षेपाच्या बाजूनं नेहमी दिलं जातं. डिसेंबर 1702 मध्ये त्यानं निनावी पत्रक काढलं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथीयांचा कायमचा बंदोबस्त करा, त्यांच्या उपदेशकांना फासावर चढवा, असं कडव्या चर्चवाल्यांच्या भाषेत त्यानं मांडलं. तो स्वतः त्याच छळल्या जाणाऱ्या पंथीयांतला. आवाज इतका हुबेहूब साधला होता की काही कडव्यांनी ते पत्रक आपलंच म्हणून डोक्यावर घेतलं आणि पंथीय हादरले. लेखकाचं नाव फुटल्यावर दोन्हीकडून राग उसळला. 29, 30 आणि 31 जुलै 1703 असे तीन दिवस डिफोला लंडनच्या तीन वर्दळीच्या ठिकाणी मान आणि हात अडकवणाऱ्या खोड्यात उभं केलं. हा उपहास होता हा खुलासा त्यानं केला होता. उपयोग झाला नाही.

डिफोला झालेली शिक्षा रानटी होती, यात शंका नाही. पण लेखनापुरता प्रश्न उरतोच: त्याच्या पत्रकात चुकलं काय? त्याच्याशेजारी जोनाथन स्विफ्टचं 1729चं पत्रक ठेवा. आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली वर्षाची पोरं श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत, असा तो प्रस्ताव. स्विफ्टनंही चेहरा सरळ ठेवला, कुठे डोळा मिचकावला नाही. पण तो हिशेब मांडत जातो: जन्मलेलं मूल 12 पौंड वजनाचं, वर्षभरात 28 पौंडांचं होतं, वर्षाला 1,20,000 मुलं, त्यांतली 20,000 वंश राखायला ठेवावीत, उरलेली 1,00,000 विकावीत. प्रत्येक आकडा ही एक खूण आहे. नीट वाचणाऱ्याला तिसऱ्या आकड्याशी कळतंच की इथे प्रस्तावाच्या आडून प्रस्ताव मांडणाऱ्या मनोवृत्तीवर घाव चालला आहे. डिफोच्या मजकुरात अशी फट नव्हती, कारण त्याच्या काळात तसं खरोखर बोलणारी माणसं होती आणि त्यानं त्यांचंच बोलणं फार तर एक पाऊल पुढे नेलं होतं. तेव्हा खूण म्हणजे फलक नव्हे, हसरं चिन्ह नव्हे. ती अतिशयोक्तीत, आकड्यात, लयीत, व्यासपीठाच्या ओळखीत असू शकते. आपल्या तमाशात सोंगाड्या बोलू लागला की राजाबद्दल काहीही बोलो, कुणी ते फिर्याद म्हणून घेत नाही. त्याचं पात्र हीच खूण. जी गोष्ट खरोखरची माणसं खरोखर बोलत आहेत तीच जर थट्टेत बोलायची, तर खूण तेवढी ठळक लागते. हे आजच्या पुढाऱ्यांच्या 'थट्टे'ला सर्वाधिक लागू पडतं, कारण त्यांची विधानं बहुतेकदा अनुयायी खऱ्यानं बोलतात तेवढीच असतात.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे: हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. चुकून दुखावणारा आणि ठरवून दुखावणारा यांना एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. पण हेतू निर्मळ होता हे कळलं की उपयोग एवढाच, की राग कमी करावा आणि माफी स्वीकारावी. त्यानं बोलणं थट्टेचं ठरत नाही. हा फरक पुसला की काय होतं ते इंग्लंडच्या यॉर्कशर क्रिकेट क्लबमध्ये जगानं पाहिलं. अझीम रफिक या खेळाडूनं वंशद्वेषी वागणुकीची तक्रार केली. त्याला पाकिस्तानी वंशावरून दिलेली शिवी ही मित्रांमधली खेळकर 'बँटर' होती, असा क्लबच्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष नोव्हेंबर 2021 मध्ये बाहेर आला. 'बँटर' हा 'जेस्ट'चाच गल्लीतला भाऊ. क्लबच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला आणि 16 नोव्हेंबरला रफिकनं संसदीय समितीपुढे साक्ष दिली. त्याच क्लबकडून खेळलेल्या चेतेश्वर पुजाराला नाव उच्चारता येत नाही म्हणून 'स्टीव्ह' म्हणत, हेही त्या प्रकरणात पुढे आलं. अशा ठिकाणी शिवी देणाऱ्याच्या मनात द्वेष होता की नाही यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. विचारायचं ते वेगळंच असतं. ड्रेसिंग रूममध्ये एकटा पडलेला माणूस 'हे थट्टेत नाही' असं म्हणू शकत होता का, आणि म्हणाला असता तर थट्टा थांबली असती का? ज्या थट्टेतून बाहेर पडायला दार नाही ती 'कुणाशी' केलेली नसते, 'कुणाची' केलेली असते.

तिसरा आक्षेप नेमका याच्या उलट बाजूनं येतो. दुबळ्याजवळ सत्य बोलायला थट्टेशिवाय काय असतं? जेस्टरची सारी परंपरा याच्या पुराव्यादाखल उभी केली जाते. तिला मी मनापासून मान देतो, पण ती जितकी गोड सांगितली जाते तितकी नव्हती. आर्ची आर्मस्ट्राँग हा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आणि नंतर पहिला चार्ल्स यांचा विदूषक. आर्चबिशप लॉड हा त्या काळचा बलाढ्य माणूस, आणि त्याच्या नावाचा अर्थ स्तुती. 'देवाची स्तुती थोर असो, सैतानाला लॉड थोडकी असो,' अशी प्रार्थना आर्चीनं जेवणाआधी म्हटली असं सांगतात. ही कोटी पचली. पण लॉडनं लादलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकावरून 1637 मध्ये स्कॉटलंडमध्ये दंगल उसळली तेव्हा आर्चीनं त्याला 'आता मूर्ख कोण?' असं तोंडावर विचारलं, आणि परवाना संपला. राजाच्या परिषदेनं त्याचा विदूषकी झगा डोक्यावरून ओढून काढण्याचा आणि त्याला सेवेतून काढण्याचा हुकूम दिला. तो झगा हीच त्याच्या थट्टेची खूण होती आणि ती काढून घेणं सत्तेच्या हाती होतं. सत्तेला बोचलेली थट्टा सत्ता मागाहून 'खरी' ठरवते, आणि स्वतःचं खरं बोलणं अंगाशी आलं की मागाहून 'थट्टा' ठरवते. दोन्ही वेळा फेरफार नंतरच होतो, म्हणून कसोटी त्या वेळेची हवी. हॅम्लेटनं ही बाब अचूक हेरली आहे. बापाच्या खुनाचं नाटक खुनी काकासमोर चालू असताना राजा विचारतो, यात आक्षेपार्ह तर काही नाही ना? हॅम्लेट उत्तरतो: छे, ते नुसती थट्टा करताहेत, थट्टेतच विष देताहेत. 'पॉयझन इन जेस्ट.' खुण्याला तिथे विष दिसतं, बाकीच्या दरबाराला नाटक.

विषयबंदीवाल्यांना मी एवढ्या विस्तारानं उत्तर देणार नाही, कारण त्यांची यादी दर पिढीत बदलते. बायबलच्या 1611च्या इंग्रजी भाषांतरात इफिसकरांच्या पत्रात 'जेस्टिंग' वर्ज्य म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द 'युट्रापेलिया'. गंमत अशी की हाच शब्द ॲरिस्टॉटलनं सद्गुण म्हणून वापरला आहे: एका टोकाला बाष्कळ विदूषकी, दुसऱ्या टोकाला रुक्ष रांगडेपणा, आणि मधे हा चपळ खेळकरपणा. आपल्याकडे 'टवाळां आवडे विनोद' ही दासबोधातली ओळ विनोदाच्या विरोधात फेकली जाते. ती ओवी कुणाला काय आवडतं याची नोंद करत जाते. तिथेच 'उन्मत्तास नाना छंद' आहे. टवाळांना विनोद आवडतो यावरून विनोद आवडणारा टवाळ ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात येतं. इंग्रज निबंधकार फ्रान्सिस बेकननं थट्टेतून वगळायच्या पाच गोष्टी सांगितल्या होत्या: धर्म, राज्यकारभार, थोर माणसं, एखाद्याचं हातातलं महत्त्वाचं काम, आणि दया यावी अशी कुठलीही अवस्था. पहिल्या तीन आज कोणताही मोकळा समाज मान्य करणार नाही. शेवटची मात्र चारशे वर्षांनंतरही जागची हललेली नाही, कारण ती विषयाबद्दल नाहीच, समोरच्या माणसाबद्दल आहे. थॉमस फुलरनं 1642 मध्ये तीच गोष्ट अशी मांडली की ती विसरता येत नाही: लंगड्याला त्याच्याच कुबडीनं मारणं हा क्रूरपणा आहे.

आणि कसोटी दोन्हीकडे कापते हे ऐकणाऱ्यांनीही, विशेषतः पोलिसांनी, मान्य करायला हवं. जानेवारी 2010 मध्ये बर्फामुळे इंग्लंडमधला डॉनकॅस्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. एका तरुणानं ट्विटरवर वैतागून लिहिलं की आठवड्याभरात चालू करा, नाहीतर उडवूनच देतो. विमानतळाच्या सुरक्षा विभागानं हा धोका विश्वासार्ह नाही अशी नोंद केली. तरी खटला झाला, दोषी ठरवलं, नोकरी गेली. 27 जुलै 2012 रोजी उच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली: नाव उघड ठेवून, सगळ्यांना दिसेल असं, आठवडाभराची मुदत देऊन कोण धमकी देतो? खुणा मजकुरातच होत्या आणि त्या वाचायची तसदी दोन न्यायालयांनी घेतली नव्हती. आपल्याकडे मदुराई जिल्ह्यात एका राजकीय कार्यकर्त्यानं मुलगी आणि जावयासोबत सिरुमलई डोंगरात फिरायला गेल्याचे फोटो टाकले आणि वर लिहिलं, 'नेमबाजीच्या सरावासाठी सिरुमलईला'. पोलिसांनी युद्धाच्या तयारीचं कलम लावलं. डिसेंबर 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी गुन्हा रद्द करताना, संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांत हसण्याचं कर्तव्य घालावं का, असा विचार निकालपत्रातच मांडला. ना शस्त्र, ना दारूगोळा, सोबत लेक आणि जावई. खूण यापेक्षा ठळक काय असायची?

थट्टेचं यश ऐकणाऱ्याच्या कानात असतं, सांगणाऱ्याच्या जिभेवर नसतं, असं शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत रोझलाइन ही नायिका बिरोन या फाजील चतुर प्रियकराला सुनावते. तिथेही शब्द 'जेस्ट'च. ती त्याला तोंड बंद ठेवायची शिक्षा देत नाही. वर्षभर रुग्णालयात जा, कण्हणाऱ्यांना हसवून दाखव, मग लग्नाचं बोलू, असं सांगते. समोर दयेला पात्र माणूस आहे म्हणून थट्टा वर्ज्य नाही. ती त्याच्याशी करता येते का, एवढंच तिला पाहायचं आहे.

याच्या पलीकडची एक हानी आहे, जिच्याबद्दल खुलासे काढणारे कधी बोलत नाहीत. मागाहून फाडलेली पावती खोट्याला झाकते, तशी खऱ्यालाही मारते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाजवळ शकुंतलेबद्दल मन मोकळं करतो. मग विदूषकाला राजधानीत परत पाठवायची वेळ येते आणि राजाला धास्ती वाटते, की हा अंतःपुरात बडबडेल. म्हणून तो सांगतो, 'परिहासविजल्पितं सखे परमार्थेन न गृह्यतां वचः': मित्रा, ते थट्टेत बोललो, खरं धरू नकोस. बोलताना थट्टेची एकही खूण नव्हती. शिक्का नंतर मारला. पुढे शाप लागतो, राजा शकुंतलेला ओळखत नाही, भर दरबारातून ती परत जाते. तिची गोष्ट राजाच्या तोंडून ऐकलेला माणूस राजवाड्यातच होता. सहाव्या अंकात अंगठी सापडते, स्मृती परतते आणि राजा विदूषकाला विचारतो, मी तुला सगळं सांगितलं होतं, तूही विसरलास का? विदूषक म्हणतो, विसरलो नव्हतो. पण सगळं सांगून झाल्यावर शेवटी तुम्हीच म्हणालात की ही थट्टा आहे, खरं नाही. आणि मीही मातीच्या गोळ्याच्या बुद्धीचा, तसंच धरून बसलो.